शस्त्रक्रियेच्या अलीकडची आणि पलीकडची वाट

(महाराष्ट्र राज्याचे सार्वजनिक आरोग्य मंत्री यांस खुले पत्र)

माननीय मंत्रिमहोदय,



आपल्या खात्याच्या टपालात साथीच्या रोगांचे अहवाल, बालमृत्यूंचे तक्ते, सर्पदंशावरील औषधाच्या मागण्या आणि अपघातग्रस्तांच्या तक्रारी रोज येत असतील, आणि त्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांच्या दुखणाऱ्या गुडघ्यांची कैफियत घेऊन कोणी आपल्या दाराशी उभा राहिला तर त्याला जरा थांबावयास सांगितले जाणे स्वाभाविक आहे, हे मी जाणतो. तथापि हा विषय असा थांबून थांबूनच वाढला आहे. गुडघ्याच्या झिजेने माणूस दगावत नाही, म्हणून मृत्यूच्या कोणत्याही नोंदवहीत ती व्याधी दिसत नाही. परंतु जिच्या आयुष्याची चाळीस वर्षे खुरपणीत, काढणीत आणि डोक्यावरच्या हंड्याखाली गेली, तिचे आधी पाटावर बसणे सुटते, मग देवळाची पायरी सुटते, मग शेजारणीचा ओटा, मग आठवड्याचा बाजार, आणि अखेरीस परसातल्या संडासापर्यंत जाण्यासाठीही सुनेला हाक मारण्याची पाळी येते, तेव्हा तिचे जे एकेक करून हरवत गेले त्याचा हिशेब ठेवणारे दप्तर सरकारात कोठेही नाही. तो हिशेब आपल्यापुढे ठेवावा एवढ्याच हेतूने हे पत्र लिहीत आहे.

मी भीमेच्या काठच्या एका तालुक्याच्या गावी राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक असून, येथील ज्येष्ठ नागरिक संघाच्या कामानिमित्त शिधापत्रिका, आधारपत्र, दाखले आणि रुग्णालयाच्या चिठ्ठ्या यांची जुळवाजुळव करून देण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आले आहे. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु कोणता कागद कोणत्या खिडकीवर अडतो, कोणत्या टप्प्यावर रुग्ण कंटाळून घरी परततो, आणि परतल्यावर तो कोणाच्या दाराशी जातो, हे मला जवळून पाहावयास मिळाले आहे, व जे शास्त्राचे आहे ते जाणत्या वैद्यांना विचारून आणि जमेल तेवढे वाचून मी पडताळून घेतले आहे.

आरंभी, जे झाले आहे त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. आमच्याकडच्या सामान्य माणसाला गुडघा बदलता येतो हे प्रथम कळले ते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या आजारपणाच्या बातम्यांवरून. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्या डाव्या आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, आणि ती करणारे डॉ. चित्तरंजन राणावत हे मूळचे मध्य प्रदेशातले, न्यूयॉर्कला स्थायिक झालेले, व आजच्या कृत्रिम गुडघ्याची मूळ रचना ज्या मंडळींनी १९७० नंतरच्या दशकात सिद्ध केली त्यांच्यापैकी एक होते. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी, परवडेल अशा किमतीचा देशी गुडघा घडविला. तरीही पुष्कळ वर्षे ही गोष्ट पैसेवाल्यांचीच राहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने या साधनांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली, आणि ज्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची छापील किंमत सरासरीने दीड लाखाच्या वर होती, त्याची किंमत कर वगळून ५४,७२० रुपये मुक्रर झाली. आपल्या राज्यात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, नोव्हेंबर २०१३ पासून सर्व जिल्ह्यांत गेलेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण केलेली जनआरोग्य योजना कालांतराने गुडघा व खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियांपर्यंत पोहोचली. तिचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले. शेतमजुराच्या आईचा गुडघा एक पैसाही न देता बदलला जातो, हे दृश्य माझ्या पिढीने कल्पिलेही नव्हते, आणि ते घडवून आणणाऱ्या सर्वांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

माझे गाऱ्हाणे त्या शस्त्रक्रियेविषयी नाही. तिच्या अलीकडे जी दहा-पंधरा वर्षे असतात आणि पलीकडे जे दोन-तीन महिने असतात, त्यांचा वाली कोणी नाही, हे माझे गाऱ्हाणे आहे. सरकारी खर्चाची सारी तजवीज शल्यकर्माच्या त्या दीड-दोन तासांभोवती झाली आहे, आणि रुग्णाचे खरे बरेवाईट मात्र त्या तासांच्या दोन्ही बाजूंना ठरते.

आमच्या गल्लीत एक वृद्धा आहेत, साऱ्या गल्लीच्या त्या काकू. पन्नाशीत त्यांचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्या दुखण्याला त्यांनी दुखणे म्हटलेच नाही. वयाचे आहे, वाताचे आहे, असे म्हणून त्यांनी निरगुडीच्या पाल्याचा शेक घेतला, तेल चोळले आणि कामाला गेल्या. पुढे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले, रात्रीची झोप गेली, आणि अखेर मुलाने योजनेखाली कागदपत्रे करून त्यांना एका मोठ्या शहरातील रुग्णालयात नेले, ज्याचे नाव येथे घेण्याचे काही प्रयोजन नाही. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना उभे केले, वॉकर धरून चार पावले चालविले, आणि काही दिवसांनी हातात एक इंग्रजी छापील कागद देऊन, रोज व्यायाम करून घ्या असे सांगून, घरी पाठविले. घरी आल्यावर गुडघा ठणकत होता. त्याच्याखाली उशी ठेवली की बरे वाटत होते. म्हणून सुनेने मायेने जाड उशी आणली, आणि ती उशी दिवसरात्र गुडघ्याखाली राहिली. ज्या कागदावर गुडघ्याखाली उशी ठेवू नये, टाचेखाली ठेवावी, असे चित्रासह छापले होते, तो कागद फडताळात पंचांगाखाली होता. जवळचा भौतिकोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. तेथे जाऊन येण्यात मुलाचा रोजगार बुडावयाचा आणि जीपचे भाडे वेगळे. सहा आठवड्यांनी टाके केव्हाच भरले होते, पण गुडघा पुरता सरळ होत नव्हता आणि पुरता वाकतही नव्हता. आज काकूंची जुनी वेदना गेली आहे, आणि तरीही त्या ओट्याची पायरी उतरू शकत नाहीत. गल्लीत याचा अर्थ एवढाच लावला गेला की गुडघा बदलून काही उपयोग नसतो. आणि त्यानंतर ज्यांना खरोखर त्या शस्त्रक्रियेची गरज होती अशा दोन बायांनी माझ्याकडे दिलेले कागद परत नेले.

महोदय, येथे चुकले कोण? शल्यचिकित्सकाने आपले काम चोख केले, सुनेने प्रेमच केले, मुलाने ऐपतीबाहेर धावपळ केली. चुकली ती रचना, जी लाखभर रुपयांचे काम करते आणि ते काम तडीस नेणारी, आठवड्यातून दोनदा अर्धा तास घरी किंवा जवळच्या रुग्णालयात येऊन गुडघा वाकवून घेणारी व्यक्ती मात्र नेमत नाही.

हे दुखणे किती घरांत आहे, याविषयी आपल्याच मुलखात झालेले एक मोलाचे काम आहे आणि त्याचा उल्लेख व्हावा तेवढा होत नाही. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून, घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची हाडासांध्यांच्या दुखण्याविषयी पाहणी केली, आणि सुमारे १८ टक्के माणसांना अशी काही तक्रार असल्याचे तीत आढळले. भिगवण हे आमच्याचसारखे गाव. तेच ऊन, तीच ज्वारी, तीच खुरपणीची उकिडवी बैठक. म्हणजे आमच्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वस्तीवर ही माणसे आहेत, आणि त्यांच्यापैकी फारच थोड्यांना कधी शस्त्रक्रिया लागणार आहे. उरलेल्यांना काय लागते? त्यांना लागतो वेळेवर सांगितलेला एक व्यायाम, नीट तपासलेला एक पाय, आणि भलत्या ठिकाणी न जाण्याचा सल्ला. शास्त्र जेवढे मला समजले तेवढे असे, की सांध्यातील हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती झिजली की आपण होऊन भरून येत नाही. परंतु त्या सांध्यावरचा भार पेलणारा मांडीचा पुढचा स्नायू मात्र कोणत्याही वयात बळकट करता येतो. माणूस दुखते म्हणून चालणे सोडतो, चालणे सोडले की तो स्नायू सुकतो, स्नायू सुकला की सांध्यावर अधिक भार पडतो आणि अधिक दुखते. या चक्रातून बाहेर काढणारी गोळी अजून निघालेली नाही. शरीराचे वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो, असे मोजमाप झालेले आहे.

संघाच्या एका शिबिरात जिल्ह्याहून एक तरुण भौतिकोपचारतज्ज्ञ मुलगी आली होती. तिने शाळेच्या बाकावर एका आजीबाईंना बसविले, त्यांच्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत नीट सावरला, आणि पाय गुडघ्यात सरळ करून टाच पुढे ताणावयास सांगून मोठ्याने दहा आकडे मोजले. पाचाच्या पुढे आजींचा पाय थरथरू लागला. मुलीने त्यांचाच हात धरून गुडघ्याच्या वर मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आजी, हे जे घट्ट झालंय ना, ते तुमचं औषध. रोज सकाळ-संध्याकाळ एवढं घ्यायचं." आजींनी दुसऱ्या पायाला न सांगता सुरुवात केली. त्या वर्गात बसलेल्या पुष्कळ बायांनी आणि बाप्यांनी त्या दिवशी तो व्यायाम शिकून घेतला, आणि ज्यांनी तो सोडला नाही ते आज मला सांगतात की जिना चढताना कठड्याची गरज कमी झाली. पण ती मुलगी एका दिवसापुरती आली होती. व्यायाम चुकतो, कंटाळा येतो, मध्येच गुडघा सुजतो आणि भीती वाटते. अशा वेळी पुन्हा विचारावे कोणाला? तालुक्याच्या रुग्णालयात मी चौकशी केली तेव्हा असे पद येथे भरलेले नाही, असे मला तोंडी उत्तर मिळाले.

या पोकळीत मग दुसरी माणसे शिरतात, आणि या ठिकाणी मला जरा सविस्तर लिहिले पाहिजे. आठवड्याच्या बाजारात कागदाच्या पुड्या मिळतात. पांढरी किंवा किंचित तांबूस भुकटी, वर नाव नाही, आत काय आहे त्याची नोंद नाही. जडीबुटी आहे एवढेच सांगणारा सांगतो. ती घेतली की दोन दिवसांत माणूस उठून चालू लागतो, भूक वाढते, चेहऱ्यावर गोलाई येते, आणि घरचे म्हणतात की औषध मानवले. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते, हे डॉक्टर मंडळी वारंवार सांगतात. काही महिन्यांनी रक्तातील साखर चढते, कातडी पातळ होऊन जरा लागले तरी काळेनिळे डाग पडतात, हाडे आतून ठिसूळ होतात. आणि कोणी शहाण्याने ती पुडी एकाएकी बंद करावयास लावली तर रक्तदाब घसरून माणूस अंथरुणाला खिळतो, कारण शरीराने स्वतःचे स्टिरॉइड करणे तोवर सोडून दिलेले असते. ज्यांचा इतबार पुडीवर नाही ते औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहतात, आणि त्यांच्या मूत्रपिंडाचे काय झाले हे पुढे वेगळ्याच विभागात कळते. शहरातल्या जाहिरातींचा प्रकार निराळा, पण मासला तोच. दुर्बिणीने गुडघा आतून धुऊन, साफ करून देतो, असे सांगणारे फलक मी पाहिले आहेत. वास्तविक झिजेच्या गुडघ्यावरच्या या उपायाची परीक्षा अमेरिकेत ह्यूस्टन येथे डॉ. ब्रूस मोसली यांनी घेतली, काही रुग्णांच्या गुडघ्यावर केवळ वरवरचे छेद घेऊन आत काहीच केले नाही, आणि दोन वर्षांपर्यंत पाहिले तरी त्यांना व खरोखर धुतलेल्यांना सारखाच आराम पडला, हे २००२ सालीच प्रसिद्ध झाले आहे. त्यालाही आता वीस वर्षे उलटून गेली. अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्याखाली येत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु बाजारातल्या पुड्यांचे नमुने उचलून तपासण्याची मागणी आपल्या सहीने त्या प्रशासनाकडे गेली तर तिचे वजन माझ्या अर्जापेक्षा निश्चितच अधिक पडेल.

आणखी एक जात आहे सांधेदुखीची, आणि तिच्या बाबतीत तर विलंब अक्षम्य आहे. हाताच्या बोटांचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, ताप आल्यासारखे वाटते. बहुधा तिशी-चाळिशीतल्या बाईला हे होते आणि घरात तिला आळशी ठरविले जाते. भिगवणच्या पाहणीत दोनशे प्रौढांत सुमारे एक असे या आमवाताचे प्रमाण दिसले. झिजेपेक्षा हा रोग वेगळा. यात शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यांवर उलटते, आणि पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होण्याचे पुष्कळ अंशी टळते. मेथोट्रेक्सेट हे त्यावरचे जुने, स्वस्त आणि गुणकारी औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. म्हणून ते देणाऱ्याने, ज्या वारी घ्यावयाचे तो वार चिठ्ठीवर मराठीत ठळक लिहून दिला पाहिजे आणि ठरावीक मुदतीने रक्त तपासले पाहिजे. या रोगाचे विशेषज्ञ मोठ्या शहरांबाहेर क्वचितच आढळतात, हे मान्य. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टराला ही लक्षणे ओळखून रुग्णाला ठरलेल्या वारी ठरलेल्या ठिकाणी पाठविता येईल, एवढी व्यवस्था असाध्य आहे असे मला वाटत नाही.

नव्या योजनांची मागणी मी करीत नाही. कागदावर त्या आहेत. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे, आणि त्याच्या आराखड्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष, व त्याखालच्या रुग्णालयात आठवड्यातून दोनदा वृद्धांचा दवाखाना आणि भौतिकोपचाराची सोय धरलेली आहे. आपल्याच राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली पासष्ट वर्षांवरील गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी तीन हजार रुपये थेट खात्यावर देण्याचे ठरविले. हे चांगलेच झाले. परंतु पैसा जमा झाल्यावर पट्टा कोणत्या मापाचा घ्यावा, काठी कोणत्या हातात धरावी, हे सांगावयास कोणी नसते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची असते, आणि आमच्याकडे बहुतेक सारी माणसे ती दुखऱ्या बाजूलाच धरतात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. त्या एसटीची पहिली पायरी जमिनीपासून इतकी उंच असते की ज्याला तिकीट माफ आहे त्याला मागून कोणीतरी हात लावून वर चढवावे लागते. एकेका खात्याने मनापासून केलेल्या गोष्टी एकमेकींना भेटत नाहीत, आणि त्यांची भेट घालून देणारा दुवा म्हणून मला तालुक्याच्या रुग्णालयातील ती एक भौतिकोपचारतज्ज्ञाची खुर्ची दिसते.

माणसे मिळत नाहीत, असे उत्तर येईल. परळच्या केईएम रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभीच देशातले पहिले भौतिकोपचार विद्यालय निघाले. ज्या राज्याला हा मान आहे त्याच्या अनेक महाविद्यालयांतून आज दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात, आणि पदवीपूर्वी त्यांना सहा महिने प्रत्यक्ष उमेदवारी करावी लागते. त्या सहा महिन्यांतील काही आठवडे ग्रामीण रुग्णालयात घालविणे आवश्यक करता येईल. हा विषय वैद्यकीय शिक्षण खात्याचा आहे, आणि दोन खात्यांच्या मसलतीला किती काळ लागतो याचा अंदाज मलाही आहे. तरी ज्या खात्याने २०२३ पासून 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' या उपक्रमात आळंदी-देहूपासून पंढरपुरापर्यंतच्या वाटेवर लक्षावधी वारकऱ्यांची तपासणी करून दाखविली, त्याला जे चालत्या पालखीबरोबर जमले ते एका जागी स्थिर असलेल्या रुग्णालयात आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जमावे, अशी अपेक्षा मी ठेवली तर ती अवाजवी ठरू नये. बाजाराचा दिवस मी विचारपूर्वक सुचवीत आहे. त्या दिवशी वस्तीवरची माणसे तशीही गाडी करून तालुक्याला येतात. वेगळा रोजगार बुडत नाही, आणि पुडीवाल्याच्या पालापासून रुग्णालय चालत दहा मिनिटांवर असते.

तेथे काय व्हावे, तेही थोडक्यात लिहितो. गुडघ्याचा साधा एक्स-रे रुग्णाला उभे करून काढावा, कारण आडवे झोपवून काढलेल्या चित्रात सांध्यातले अंतर शाबूत दिसू शकते आणि डॉक्टर रुग्णाला काही झालेले नाही असे सांगून परत पाठवितो. ज्याला शस्त्रक्रियेची गरज आहे त्याला ती का, कोठे आणि कशासाठी, हे मराठीत समजावून सांगावे; कृत्रिम गुडघा दहा वर्षांत बाद होतो ही जुनी समजूत दूर करावी, कारण परदेशांतील मोठ्या नोंदींवरून शंभरातील सुमारे ऐंशी गुडघे पंचवीस वर्षे टिकतात असे दिसून आले आहे; आणि त्याचबरोबर, पाचांपैकी साधारण एका रुग्णाचे शस्त्रक्रियेनंतरही पुरते समाधान होत नाही, हेही त्याच्यापासून लपवू नये. आमची माणसे अडाणी असतील, पण खरे सांगितले तर त्यांना ते समजते आणि पेलतेही. जो शस्त्रक्रिया करून परतला त्याची नोंद रुग्णालयाकडून तालुक्याला आपोआप यावी, योजनेच्या रकमेतच पुढच्या दोन महिन्यांच्या भौतिकोपचाराचा खर्च निर्देशून ठेवावा, आणि जो कागद रुग्णाच्या हाती पडतो तो मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा. आशा कार्यकर्तीला पहिल्या पंधरवड्यात दोन वेळा त्या घरी जाऊन फक्त एवढे पाहावयास सांगितले, की उशी गुडघ्याखाली आहे की टाचेखाली, तरी काही माणसे पायरी उतरू लागतील. या कामाचा तिला वेगळा मोबदला मिळाला पाहिजे, हे मी आवर्जून लिहितो. तिच्या डोक्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे.

हे सारे एका अर्थसंकल्पात होणार नाही, हे मी समजू शकतो. म्हणून जी गोष्ट पैशावाचून होण्यासारखी आहे ती शेवटी लिहितो. राज्यातील ज्या ज्या सरकारी रुग्णालयात अस्थिरोगाची तपासणी पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर होते, आणि मी स्वतः अशी जिन्याची इमारत पाहिली आहे जिच्यातील उद्वाहक बहुतेक वेळा बंद असतो व गुडघ्यांचे रुग्ण कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवीत वर चढतात, तेथे ती तपासणी तळमजल्यावर आणावी आणि तिच्यासमोर पाठ टेकण्याजोगे, हात टेकून उठता येईल असे उंच बाक ठेवावेत. त्यासाठी एक परिपत्रक पुरेल. ते या महिन्यात निघाले तर पुढच्या महिन्याच्या तपासणीला आमच्या संघातर्फे मी ज्यांना घेऊन जाणार आहे त्यांना त्याचा लाभ होईल.



आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
जिल्हा सोलापूर